अक्षरं मोठी झाली, पण धूसर का?

घरात नवा २४ इंची मॉनिटर येतो. पहिला दिवस कौतुकात जातो. दुसऱ्या दिवशी ज्येष्ठांची तक्रार येते, की अक्षरं फारच बारीक दिसतात. मग शेजारचा संगणकातला जाणकार मुलगा येतो, पडद्यावर राइट क्लिक करतो, कुठल्याशा यादीतला १९२० × १०८० हा आकडा बदलून १३६६ × ७६८ करतो आणि चहा पिऊन जातो. अक्षरं खरंच मोठी होतात. पण आता त्यांच्या कडा उतरलेल्या दिसतात, अनुस्वार पसरट होतो, शिरोरेखा कुठे जाड तर कुठे राखाडी दिसते. चार दिवसांनी घरात निकाल लागतो : मॉनिटरच हलका निघाला.

मॉनिटर बहुतेक वेळा चांगलाच असतो. त्याच्याकडून नको ते काम करून घेतलेलं असतं.

‘डिस्प्ले सेटिंग’ या एका नावाखाली दोन निरनिराळ्या ठिकाणची कामं येतात. किती ठिपक्यांचं चित्र, सेकंदाला किती वेळा पाठवायचं, हे संगणक ठरवतो. आलेलं चित्र किती उजेडात आणि कोणत्या झाकेत दाखवायचं, हे मॉनिटर ठरवतो. त्यासाठी त्याच्या कडेला किंवा तळाशी बटणं असतात आणि ती दाबली की त्याचा स्वतःचा मेनू उघडतो. एका ठिकाणचा दोष दुसऱ्या ठिकाणी दुरुस्त करायला गेलं, की घोळ होतो.

ठिपके मोजलेलेच असतात

आजचा पडदा म्हणजे पक्क्या बसवलेल्या ठिपक्यांची जाळी. १९२० × १०८० म्हणजे आडवे १९२०, उभे १०८०, एकूण २०,७३,६०० ठिपके. प्रत्येक ठिपक्यात तांबडी, हिरवी आणि निळी अशा तीन उभ्या चिरोट्या शेजारी शेजारी असतात, म्हणजे चिरोट्या झाल्या ६२,२०,८००. त्यांच्यामागे एलईडीचा पांढरा उजेड सतत पेटलेला असतो. मध्ये द्रव स्फटिकाचा पातळ थर. विजेचा दाब बदलला, की या थरातल्या रेणूंची ठेवण बदलते आणि पुढे-मागे लावलेल्या दोन ध्रुवक पट्ट्यांमधून कमी किंवा जास्त उजेड पार होतो. ऑस्ट्रियाच्या फ्रीडरिश रायनिट्झर या वनस्पतिशास्त्रज्ञाला १८८८ साली गाजरातून मिळवलेल्या कोलेस्टेरॉलच्या एका संयुगाचं वितळणं विचित्र वाटलं, तिथून या द्रव स्फटिकांची गोष्ट सुरू झाली. मॉनिटर वगैरे त्याच्या स्वप्नातही नसणार.

मुद्दा असा, की हे ठिपके कारखान्यात कायमचे बसवलेले असतात. सेटिंग बदलल्याने ते मोठे होत नाहीत, कमीही होत नाहीत.

मग १३६६ × ७६८ निवडल्यावर काय होतं? संगणक १३६६ ठिपक्यांचं चित्र पाठवतो आणि ते १९२० ठिपक्यांवर ताणून बसवावं लागतं. दुसुतीच्या कापडावर क्रॉस स्टिच केलेल्यांना यातली अडचण लगेच कळेल. नमुना दहा घरांचा आहे आणि तो चौदा घरांत भरायचा आहे. नमुन्यातल्या एका टाक्याला कापडावर १.४ टाके येतात, ०.४ टाका घालता येत नाही. मग काही ठिकाणी दोन टाके घ्यावे लागतात, काही ठिकाणी एकच, आणि जिथे काहीच जमत नाही तिथे दोन रंगांच्या मधला दोरा वापरून वेळ मारून न्यावी लागते. मॉनिटर हेच करतो. एक ठिपका जाडीची काळी रेघ कुठे पूर्ण काळी आणि शेजारी करडी, तर कुठे दोन्हीकडे करडी अशी भरतो. त्यालाच आपण धूसर म्हणतो.

१२८० × १०२४ सारखा जुना, चौकोनी घाटाचा आकडा निवडला तर आणखी गंमत होते. आडवा ताण दीडपट आणि उभा जेमतेम पाच टक्के. वर्तुळ लंबगोल होतं, माणसं बुटकी आणि जाड दिसू लागतात.

ही सवय आली कुठून? मागे मोठं पोट असलेल्या जुन्या काचेच्या मॉनिटरमधून. त्यात इलेक्ट्रॉनांचा झोत पडद्यावर ओळीने फिरे आणि किती ओळी काढायच्या हे बदलता येई. चित्रातले ठिपके काचेवरच्या ठिपक्यांना एकास एक जखडलेले नव्हते. त्यामुळे आकडा कमी करून अक्षरं मोठी करणं तेव्हा खपून जात असे. मॉनिटर सपाट झाले, सवय मात्र तशीच राहिली.

मग अक्षरं मोठी करायची कशी?

रिझोल्यूशन म्हणजे ठिपक्यांचा आकडा. त्याच्यापुढे ‘रेकमेंडेड’ असं लिहिलेलं असतं, तोच ठेवायचा. त्याला हात लावायचा नाही. बदलायचं ते त्याच्या वरचं ‘स्केल’. शंभर टक्क्यांचं १२५ किंवा १५० करा.

दोन्हींनी अक्षर मोठंच होतं, पण रीत अगदी वेगळी. रिझोल्यूशन कमी केलं तर तयार चित्र ताणलं जातं. स्केल वाढवलं तर अक्षर नव्याने काढलं जातं. फाँटमध्ये अक्षराचं चित्र नसतं, त्याच्या वळणांचं गणिती वर्णन असतं. ‘हा क आता २० ऐवजी २५ ठिपके उंचीचा काढ’ असं सांगितलं, की संगणक तो वाढीव ठिपक्यांत पुन्हा रेखतो. म्हणून तो मोठा होतोच, शिवाय जास्त रेखीवही होतो.

कुठल्या पडद्याला किती स्केल लागेल, हे ठिपक्यांच्या दाटीवर ठरतं. विंडोजच्या हिशेबात इंचाला ९६ ठिपके म्हणजे शंभर टक्के. २४ इंची फुल एचडी, म्हणजे १९२० × १०८० च्या पडद्यावर इंचाला सुमारे ९२ ठिपके येतात, म्हणजे शंभर टक्के बेताचंच. डोळ्यांना त्रास असेल तर १२५. २७ इंची फोर-के पडद्यावर १६३ येतात, तिथे १५० टक्क्यांशिवाय वाचणं अवघडच. २७ इंची मॉनिटर फुल एचडीच असेल तर इंचाला फक्त ८२ ठिपके. दुकानात तो मोठा दिसतो, पण वाढतो तो ठिपक्याचा आकार. चित्रातला तपशील नाही. ज्यांना दिवसभर मजकूर वाचायचा आहे त्यांनी तो घेऊ नये, असं माझं स्पष्ट मत आहे.

स्केल वाढवूनही एखादंच सॉफ्टवेअर धूसर दिसत असेल, तर ते बहुधा जुनं असतं. हिशेबाची किंवा जुन्या मराठी फाँटांवर चालणारी कितीतरी सॉफ्टवेअरं स्केल ही गोष्ट येण्यापूर्वी लिहिली गेली. त्यांना नव्याने रेखणं ठाऊक नाही, म्हणून विंडोज त्यांची खिडकी चित्रासारखी ताणतं. त्या सॉफ्टवेअरच्या आयकॉनवर राइट क्लिक करून ‘प्रॉपर्टीज’, मग ‘कम्पॅटिबिलिटी’, मग ‘चेंज हाय डीपीआय सेटिंग्ज’ इथे जाऊन तळाच्या चौकोनात खूण करा आणि ‘ॲप्लिकेशन’ निवडा. ताणणं थांबतं. अक्षरं लहान होतात, पण स्वच्छ दिसतात.

चौकट : विंडोज ११ मध्ये कुठे काय
पडद्याच्या मोकळ्या जागी राइट क्लिक करून ‘डिस्प्ले सेटिंग्ज’ उघडा. ‘स्केल’ आणि ‘डिस्प्ले रिझोल्यूशन’ तिथेच खाली एकाखाली एक आहेत. सेकंदाला किती चित्रं हे ‘ॲडव्हान्स्ड डिस्प्ले’मध्ये. फक्त मजकूर मोठा हवा असेल तर ‘ॲक्सेसिबिलिटी’मध्ये ‘टेक्स्ट साइझ’ची पट्टी २२५ टक्क्यांपर्यंत सरकते. यादीत तुमच्या पडद्याचा आकडाच दिसत नसेल, तर बहुधा ग्राफिक्सचा ड्रायव्हर बसलेला नाही. विंडोज नव्याने टाकल्यावर हे बऱ्याचदा होतं. ड्रायव्हर टाकल्याशिवाय इतर खटपट व्यर्थ.

शिरोरेखा चुगली करते

बारीक ठिपक्यांतही अक्षरांच्या कडा गुळगुळीत दिसाव्यात म्हणून मायक्रोसॉफ्टने ‘क्लिअरटाइप’ नावाची युक्ती काढली. १९९८ साली तिची घोषणा झाली, २००१ साली ती विंडोज एक्सपीबरोबर घरोघर पोचली. ठिपक्यातल्या तीन चिरोट्या सुट्या उजळता येतात, मग अक्षराची कड पूर्ण ठिपक्यावरच का संपवायची? एक तृतीयांश ठिपक्यावरही संपवता येईल! त्यामुळे आडव्या दिशेने जणू तिप्पट ठिपके हाताशी येतात. अशा मजकुराचा स्क्रीनशॉट खूप मोठा करून पाहिला तर अक्षरांच्या कडेला तांबूस-निळसर झाक दिसते, ती यामुळेच. आजची काही सॉफ्टवेअरं रंगांचा आधार न घेता नुसत्या करड्या छटांनी काम भागवतात.

मात्र चिरोट्या उभ्या असल्यामुळे ही युक्ती उभ्या रेघांच्याच कामी येते. रोमन लिपीत उभ्या दांड्या भरपूर. आपल्या लिपीतल्या काना-दंडालाही फायदा होतो. पण देवनागरीचा कणा असलेली शिरोरेखा आडवी. तिला या तिप्पट ठिपक्यांचा काही उपयोग नाही. म्हणून पडद्याचं काही बिनसलं असेल तर ते इंग्रजी मजकुरापेक्षा मराठी मजकुरात आधी जाणवतं. पडदा तपासायचा असेल तर मराठीतला एखादा लांब परिच्छेद उघडा आणि शिरोरेखेकडे पाहा. सगळ्या ओळींत तिची जाडी आणि काळेपणा एकसारखा दिसला पाहिजे. ओळीओळीला तो बदलत असेल तर चित्र कुठेतरी ताणलं जात आहे.

मुद्रितशोधक किंवा प्रोग्रॅमर कधी कधी लांब पान दिसावं म्हणून मॉनिटर उभा करतात. तसं केलं की चिरोट्या आडव्या होतात आणि क्लिअरटाइपचा हिशेब चुकतो. स्टार्ट मेनूत ‘क्लिअरटाइप’ शोधलं की जुळवणीची खिडकी उघडते, तिथून तो बंद करता येतो.

स्क्रीनशॉट काढून बघा

दोष संगणकात की मॉनिटरमध्ये, हे शोधायला एक फुकटची चाचणी आहे. स्क्रीनशॉट काढा आणि मोबाइलवर पाठवून पाहा. स्क्रीनशॉट म्हणजे संगणकाने तयार केलेलं चित्र; केबल, मॉनिटर आणि त्याची बटणं यांच्याशी त्याची गाठच पडलेली नसते. तोही धूसर असेल तर दोष सॉफ्टवेअरमध्ये आहे. तो स्वच्छ आणि पडदा धूसर असेल, तर संगणकाच्या पुढच्या वाटेवर काहीतरी घडतं आहे. त्या फाइलचा आकडाही पाहा. मॉनिटर १९२० चा आणि फाइल १३६६ ची असेल, तर चोर सापडला.

या वाटेवरचा नेहमीचा गुन्हेगार म्हणजे निळ्या टोकाची, तीन रांगांत पंधरा पिनांची व्हीजीए केबल. आयबीएमने ती १९८७ साली आणली आणि सरकारी कार्यालयांपासून सायबर कॅफेपर्यंत ती अजून टिकून आहे. तिच्यातून रंग आकड्यांच्या रूपात जात नाही. विजेच्या कमी-जास्त होणाऱ्या दाबाच्या रूपात जातो. एक ठिपका कुठे संपला आणि पुढचा कुठे सुरू झाला याची खूण त्यात नसते. ते मॉनिटरला अंदाजाने ठरवावं लागतं. अंदाज थोडा जरी सरकला, तरी शेजारच्या दोन ठिपक्यांचे रंग एकमेकांत मिसळतात किंवा सगळं चित्रच एका कडेला सरकतं. मॉनिटरवरचं ‘ऑटो’ बटण हा अंदाज पुन्हा बांधायला लावतं. ते दाबण्याआधी पडदाभर बारीक मजकुराचं पान उघडा. काळ्या वॉलपेपरवर दाबलं तर मॉनिटरला धरायला कडाच सापडत नाहीत. दोन्हीकडे एचडीएमआयचं किंवा डिस्प्लेपोर्टचं भोक असेल, तर मात्र बटण दाबत बसण्यात अर्थ नाही, केबलच बदला.

टीव्हीला संगणक जोडणाऱ्यांच्या तक्रारी निराळ्या. टास्कबार अर्धा कापला जातो, कारण जुन्या टीव्हीत चित्र थोडं मोठं करून कडा चौकटीआड लपवण्याची प्रथा होती आणि ती नव्या टीव्हींनीही चालू ठेवली. टीव्हीच्या मेनूत ‘जस्ट स्कॅन’, ‘स्क्रीन फिट’ अशा नावाचा पर्याय शोधा. दुसरी तक्रार, काळा रंग राखाडी दिसतो. संगणकाच्या भाषेत काळा म्हणजे ० आणि पांढरा म्हणजे २५५. टीव्हीच्या परंपरेत काळा १६ आणि पांढरा २३५. टीव्ही जोडला आहे म्हणून संगणक काळ्यासाठी १६ पाठवतो, पण पडदा संगणकाच्या भाषेत वाचून त्याला ‘थोडा उजळ काळा’ समजतो. ग्राफिक्स कार्डाच्या कंट्रोल पॅनेलमध्ये ‘लिमिटेड’चं ‘फुल’ केलं की काळा पुन्हा काळा होतो.

उजेड : खोली बघून ठरवा

आता मॉनिटरच्या बटणांकडे वळू. ‘ब्राइटनेस’ म्हणजे मागच्या एलईडीचा उजेड. मजकुराच्या स्पष्टतेशी त्याचा फारसा संबंध नाही, डोळ्यांच्या थकव्याशी मात्र आहे.

पडद्याचा उजेड चौरस मीटरला किती कँडेला, असा मोजतात. साध्या मॉनिटरची कमाल २५० ते ३०० असते आणि अनेक मॉनिटर त्या कमालीच्या आसपास ठेवूनच खोक्यातून बाहेर येतात, कारण दुकानाच्या झगमगाटात ते उठून दिसतात. आता कागदाचं गणित करू. टेबलावर ५०० लक्स, म्हणजे चांगल्या कार्यालयाइतका उजेड असेल, तर पांढरा कागद साधारण १३५ कँडेला उजेड परत फेकतो. घरी रात्री एका ट्यूबलाइटखाली टेबलावर १५० लक्स असेल, तर कागद जेमतेम ४० कँडेलाचा. त्याच टेबलावर ३०० कँडेलाचा पांढरा पडदा म्हणजे कागदाच्या सातपट! पडदा, वही, भिंत असं पाहताना डोळ्याला प्रत्येक वेळी या उड्या माराव्या लागतात.

उपाय सोपा आहे. पडद्यावर कोरं पांढरं पान उघडा, शेजारी कोरा कागद धरा आणि दोन्ही सारखे वाटेपर्यंत ब्राइटनेस उतरवत जा. पहिली दहा मिनिटं पडदा मरगळलेला वाटेल. मग सवय होते.

लग्नपत्रिका किंवा फोटो छापून घेणाऱ्यांची ‘पडद्यावर झकास होता, छापून काळपट आला’ ही तक्रार बऱ्याचदा इथेच उगम पावते. सातपट उजळ पडद्यावर पाहून फोटो ‘बरोबर’ केला, तर कागदावर तो अंधाराच दिसणार. प्रेसवाल्याशी भांडण्याआधी ब्राइटनेस पाहावा.

‘कॉन्ट्रास्ट’ ही निराळी चीज. ती एलईडीला हात लावत नाही, येणाऱ्या आकड्यांना ताणते. फार ताणलं तर शेवटच्या सगळ्या उजळ छटा पांढऱ्यात जाऊन बसतात आणि पांढऱ्या सदऱ्यावरच्या चुण्या गायब होतात. ‘पेंट’मध्ये तपासता येतं : पांढऱ्या पानावर, तिन्ही रंगांचे आकडे २५० ठेवून एक चौकोन भरा. तो पुसटसा दिसायलाच हवा. दिसत नसेल तर कॉन्ट्रास्ट उतरवा. काळ्या पानावर १० आकड्याचा चौकोन काढून दुसरं टोकही तपासा. चाचणी करताना पडद्यासमोर सरळ बसा. स्वस्त पॅनेलवर मान खाली-वर केली तरी छटा बदलतात. ‘डायनॅमिक कॉन्ट्रास्ट’ नावाचा पर्याय चालू असेल तर आधी बंद करा. चित्रागणिक उजेड स्वतःच हलवणारा पडदा जुळवता येत नाही. ‘शार्पनेस’ वाढवून धूसरपणा जात नाही, अक्षरांभोवती फिकट कड तेवढी उगवते.

झाक आणि वेग

रंगाच्या झाकेसाठी मेनूत ‘वॉर्म’, ‘कूल’ किंवा केल्विनमधले आकडे असतात. मेणबत्ती सुमारे १९००, जुना पिवळा बल्ब २७००, दिवसाचा उजेड ६५००. तापलेली वस्तू जितकी जास्त तापते तितकी निळसर पेटते, म्हणून आकडा वाढला की पडदा निळा होतो, आणि या निळ्यालाच मेनूत ‘कूल’ म्हणतात. वेबवरच्या बहुतेक चित्रांचे रंग ‘एसआरजीबी’ या मापात बसवलेले असतात. ह्युलेट-पॅकार्ड आणि मायक्रोसॉफ्ट यांनी १९९६ साली सुचवलेल्या या मापात पांढरा ६५०० केल्विनचा धरला आहे. मेनूत ‘एसआरजीबी’ असं लिहिलेलं असेल तर डोळे झाकून ते निवडा. विंडोजचा ‘नाइट लाइट’ २०१७ पासून आहे. रात्री तो पडदा पिवळसर करतो. वाचायला तो सुखावह, पण फोटोचे रंग ठरवताना चालू राहिला तर फसवतो. तो स्क्रीनशॉटमध्ये येत नाही, हेही लक्षात ठेवा.

वेगाबद्दल थोडक्यात. ६० हर्ट्झ म्हणजे सेकंदाला ६० चित्रं, दर १६.७ मिलिसेकंदाला एक. फोर-के मॉनिटरवर माउसचा बाण अडखळत चालत असेल तर ‘ॲडव्हान्स्ड डिस्प्ले’ पाहा, तिथे बहुधा ३० दिसेल. एचडीएमआयची १.४ ही जुनी आवृत्ती फोर-के चित्र यापेक्षा वेगाने नेऊच शकत नाही. ६० साठी २.० लागते, तीही संगणक, केबल आणि मॉनिटर तिन्ही ठिकाणी. १४४ हर्ट्झचा मॉनिटर घेऊन तो महिनोन् महिने ६० वर चालवणारे तर पुष्कळ आहेत, कारण विंडोजमध्ये तो आकडा आपल्यालाच निवडावा लागतो.

एवढं करूनही डोळे दुखत असतील तर

निळा प्रकाश अडवणारे चष्मे आज दुकानोदुकानी सुचवले जातात. संगणकावरच्या कामाने येणारा ताण ते कमी करतात का, हे तपासलेल्या प्रयोगांचा ‘कोक्रेन’ या संस्थेने २०२३ साली आढावा घेतला. साध्या काचांच्या तुलनेत खास फायदा आढळला नाही. पडदा पाहताना आपण पापण्या कमी मिटतो आणि डोळे कोरडे पडतात, हे कारण जास्त खरं. मधूनमधून खिडकीबाहेर दूर पाहा, मुद्दाम पापण्या मिटा.

पडदा हातभर अंतरावर आणि त्याची वरची कड डोळ्यांच्या पातळीला किंवा किंचित खाली असावी. बायफोकल किंवा प्रोग्रेसिव्ह चष्मा असेल तर मॉनिटर आणखी खाली घ्या. नाहीतर काचेच्या तळच्या भागातून पाहण्यासाठी मान मागे टाकून बसावं लागतं आणि संध्याकाळी दुखते ती मान. वाचनाचा नंबर साधारण ४० सेंटिमीटरचा धरून काढतात, पडदा असतो ५० ते ७० सेंटिमीटरवर. म्हणून पुढच्या वेळी डोळे तपासायला जाल, तेव्हा डोळ्यांपासून पडद्यापर्यंतचं अंतर टेपने मोजून न्या आणि ते डॉक्टरांना सांगा.